काळी खिडकी आणि कला शाखा

संपादक मंडळाने या वर्षी माझ्याकडे लेख मागितला तो माझ्या लेखनगुणांवर भाळून नव्हे, हे मी पुरते ओळखून आहे. ‘ग्रंथालयात जो पराक्रम केलास तो लिहून दे,’ असे मला स्वच्छ सांगण्यात आले. पराक्रम लिहितेच, पण त्या निमित्ताने एक मत मांडू द्यावे, अशी अट मीही घातली. ते मत असे, की कला शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला संगणकाची ‘काळी खिडकी’ वापरता आली पाहिजे, आणि ती शिकवण्याचे काम विज्ञानवाल्यांवर किंवा बाहेरच्या क्लासवर न टाकता आपल्या भाषा विभागांनीच अंगावर घेतले पाहिजे. हे ऐकून आमच्या वर्गातली निम्मी मुले हसली. उरलेल्या निम्म्यांनी ‘परीक्षेला आहे का?’ एवढेच विचारले.

आता ही काळी खिडकी म्हणजे काय? आपण सारे संगणक वापरतो तो चित्रांच्या आधाराने. पिवळ्या फोल्डरच्या चित्रावर टिचकी मारली की तो उघडतो, कागदाचे चित्र ओढून कचरापेटीच्या चित्रावर टाकले की तो कागद नाहीसा होतो. बोट दाखवून वस्तू मागण्याचाच हा प्रकार. भाषा न येणाऱ्या गावात बाजार करायला माणूस हेच करतो. पण संगणकाला भाषा येते. टर्मिनल नावाची एक काळी चौकट उघडली, की तिथे नुसती एक रेघ लुकलुकत असते. तिथे दाखवायचे नसते, सांगायचे असते. ‘एल एस’ म्हटले की यादी मिळते, ‘सी पी’ म्हटले की नक्कल होते, ‘एम व्ही’ म्हटले की वस्तू हलते किंवा तिचे नाव बदलते, आणि ‘आर एम’ म्हटले की ती पुसली जाते. आधी क्रियापद, मग कर्म, कर्ता अध्याहृत. सगळा कारभार आज्ञार्थात. व्याकरणाच्या तासाला झोपणाऱ्यांनाही एवढे समजावे.

ही दोन-दोन अक्षरांची कंजुषी का, याचे मला फार कुतूहल होते. १९६९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, बेल लॅबोरेटरीजमध्ये, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली लिहायला घेतली. तेव्हा त्यांच्यासमोर आजच्यासारखा पडदा नव्हता. टेलिटाइप नावाचे यंत्र होते. ते सेकंदाला दहा अक्षरे या वेगाने कागदावर खडखडत छापायचे, आणि त्याच्या कळाही जड. अशा यंत्रावर दिवसभर बोटे आपटणारा माणूस शब्द तोडणारच. तारेत मजकूर पाठवताना आपले आजोबा काय वेगळे करत? नोव्हेंबर १९७१ मध्ये या प्रणालीची पहिली हस्तपुस्तिका निघाली. वर सांगितलेल्या चारही आज्ञा तीत आहेत. पुढे १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाने ही सारी हत्यारे नव्याने लिहून जगाला मोकळी करून दिली, आणि १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. आपल्या ग्रंथालयातल्या संगणकावर जी उबंटू आहे ती याच घराण्यातली. वयाने पन्नाशी ओलांडलेले आणि तरीही रोजच्या वापरात असलेले असे शब्द संगणकाच्या जगात फार नाहीत.

या खिडकीचा आणखी एक स्वभाव सांगितला पाहिजे, कारण पुढच्या अनर्थाला तोही कारण झाला. काम नीट पार पडले तर ती काहीही बोलत नाही. ‘झाले’ नाही, ‘शाबास’ नाही. नुसती पुढची रेघ लुकलुकते. चुकले तरच बोलणार. जुन्या वळणाच्या सासूबाईच म्हणा ना.

आता पराक्रम. आपल्या महाविद्यालयाचे जुने वार्षिक अंक छायाचित्रे घेऊन संगणकात उतरवण्याचे काम ग्रंथपालबाईंनी आम्हा चौघांवर सोपवले होते. १९६८ पासूनचे ३४ अंक, सुमारे ३,२०० पाने. काही अंकांचा कागद इतका ठिसूळ, की पान उलटताना कोपरा हातात येई. १९७३ चा अंक तर ग्रंथालयात नव्हताच. तो एका बाईंनी आणून दिला. त्यांच्या आई त्या वर्षी इथे बी. ए.ला होत्या, अंकात त्यांची एक कथा आहे. आयुष्यात छापून आलेली ती एकच. आई आता नाहीत. ‘दोन दिवस ठेवा, पण अंक मला परत हवा,’ असे सांगून त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला होता. आम्ही पाने टिपली आणि दोन दिवसांनी अंक परत केला.

तीन महिन्यांत सगळे काम ‘अंक’ नावाच्या एका फोल्डरमध्ये जमा झाले. त्याच्या शेजारी ‘अंक जुने’ नावाचा दुसरा एक फोल्डर होता. सुरुवातीला धूसर आलेली, टाकाऊ छायाचित्रे त्यात होती. २०२४ च्या डिसेंबरात डिस्क भरत आली म्हणून तो पुसायचे ठरले. मी नुकतीच काळी खिडकी शिकले होते आणि नव्याने सायकल शिकलेल्या मुलासारखी मिळेल त्या रस्त्याने ती दामटत होते. मी लिहिले: आर एम, मग आतल्या सगळ्यासकट पुसण्याची खूण, मग ‘अंक’, मोकळी जागा, ‘जुने’. आणि एंटर दाबले.

खिडकीने एकच तक्रार केली: ‘जुने’ नावाचे काहीही येथे नाही. मी मनात म्हटले, असे कसे नाही? आत्ता तर होते! आणि मग पोटात गोळा आला. काळ्या खिडकीत मोकळी जागा म्हणजे शब्दाचा शेवट. माझी आज्ञा तिने अशी वाचली: ‘अंक पूस, आणि जुने पूस.’ पहिली गोष्ट तिने निमूटपणे केली होती. म्हणूनच त्याबद्दल ती काही बोलली नव्हती.

१७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांच्या पत्रातल्या ‘धरावे’चे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती कितपत खरी ते इतिहास विभागाने पाहावे. पण त्या कथेत निदान एक अक्षर तरी बदलले होते. मी अक्षरही बदलले नव्हते. शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे दोन शब्दांत फक्त जागा सोडली होती. नाव अवतरणचिन्हांत घातले असते तर दोन्ही शब्द एक धरले गेले असते. किंवा मोडीतल्यासारखे सलग लिहिले असते, तरी वाचले असते!

संगणक कक्षाचे सर धावत आले. त्यांचे पहिले वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. ‘अगं, कळफलकावरून हात काढ आधी. एक अक्षर लिहू नकोस.’ त्यांनी सरळ वायर ओढून यंत्र बंद केले, आणि मग माझा चेहरा पाहून मला बसवून समजावून सांगितले. ‘आर एम’ ही आज्ञा खरे म्हणजे मजकूर खरवडून काढत नाही. ती नाव खोडते. फोल्डर ही एक नोंदवही असते. तीत अमुक नाव म्हणजे डिस्कवरची अमुक वस्तू, एवढेच लिहिलेले असते. शेवटचे नाव खोडले गेले की ती जागा ‘रिकामी’ म्हणून जाहीर होते, पण मजकूर तिथे तसाच पडून असतो, जोवर दुसरे काही त्यावर लिहिले जात नाही तोवर. (डिस्क जुनी फिरती होती हे आमचे नशीब, नव्या एसएसडीत बहुधा एवढीही आशा नसते.) ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीतून पुस्तकाचे नाव खोडावे आणि पुस्तक मात्र कपाटात धूळ खात राहावे, तसे हे.

सरांनी ती डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली आणि फोटोरेक नावाचे हत्यार रात्रभर तिच्यावर चालवले. हे हत्यारही काळ्या खिडकीतलेच. ते नोंदवहीकडे पाहतच नाही. डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळते आणि छायाचित्राची ठराविक सुरुवात दिसली की तिथून मजकूर उचलते. सकाळी २,९०० च्या आसपास पाने परत आली होती. शिवाय कोणे एके काळी त्या यंत्रावरून पुसलेली सारी भुतावळही उठून आली: श्रमसंस्कार शिबिरातले ग्रुप फोटो, कुणाची नवी दुचाकी, कुणाच्या वाढदिवसाचा केक. मात्र एकाही पानाला नाव नव्हते. नावे तर मी खोडली होती. ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडा, एवढीच ओळख उरली होती.

पुढचे तीन आठवडे आम्ही चौघे ही निनावी पाने ओळखत बसलो. खिळ्यांच्या छपाईतली मोडकी वेलांटी दिसली की सत्तरीतला अंक. प्राचार्यांचे छायाचित्र बदलले की पुढचे दशक. कापड दुकानाच्या जाहिरातीत फोन नंबर तीन आकडी असला की आणखी मागे. आमच्या विभागप्रमुख बाई एकदा येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, ‘एम. ए.ला पाठचिकित्सा शिकवताना मुलांना जांभया येतात. तुम्ही फुकट शिकलात.’ काही पाने अर्धीच आली. वर मजकूर, खाली नुसता राखाडी पट्टा. १९७३ च्या त्या कथेचे दुसरे पान त्यांतलेच.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की मग हे तुझ्या मताविरुद्धच झाले. चित्रांच्या पद्धतीत कचरापेटी असते. तिथून पुसले असते तर एका टिचकीत सारे परत आले असते. हे मला शंभर टक्के कबूल आहे. शिकाऊ माणसाने पुसण्याचे काम तिथूनच करावे, असेही मी सांगेन. मला तक्रार आहे ती दुसऱ्या गोष्टीची. चित्रांनी आपल्याला आपल्याच वस्तूंचा पत्ता विसरायला लावले आहे. परवा एका मैत्रिणीला विचारले, प्रकल्पाची फाइल कुठे आहे? ती म्हणाली, ‘वर्डमध्ये आहे.’ पत्र कुठे ठेवलेस असे विचारल्यावर ‘पेनात आहे’ म्हणण्यासारखेच हे. आपल्या शाखेचे सारे धन आज फायलींत आहे. खेड्यांत जाऊन ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या, बोलींचे नमुने, मुलाखती, प्रबंध, सगळे. ते कुठे आहे, त्याच्या किती प्रती आहेत, त्याला हात लावण्याचा अधिकार कुणाला आहे, हे धन्यालाच ठाऊक नसावे?

अधिकारांची गोष्ट तर मला या खिडकीनेच शिकवली. प्रत्येक फाइलीपुढे नऊ अक्षरांची एक ओळ दिसते: धन्याला काय करता येईल, गटाला काय, इतरांना काय; वाचणे, लिहिणे, चालवणे. मला वाटे, फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ केली की ती सुरक्षित झाली. तसे नाही. पुसणे म्हणजे नाव खोडणे, आणि नाव असते नोंदवहीत; म्हणून पुसण्याचा अधिकार फाइलीवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर ठरतो. आमच्या ‘अंक’ फोल्डरवर चौघांनाही पुरते लिहिण्याचे अधिकार होते. ते काढून घेतलेले असते तर माझी आज्ञा खिडकीने तिथल्या तिथे नाकारली असती. आता घेतले आहेत.

यंत्राच्या स्वतःच्या फायलींचेही तसेच. लिनक्समध्ये सारा संसार एका मुळापासून फुटलेल्या झाडासारखा आहे. ‘ईटीसी’ नावाच्या फांदीवर यंत्राच्या बहुतेक साऱ्या सवयी साध्या मजकुरात लिहून ठेवलेल्या असतात. वाचायला त्यांतल्या बऱ्याच कुणालाही मोकळ्या आहेत, बदलायला मात्र विशेष अधिकार लागतो. तिथे ‘पासवर्ड’ अशा अर्थाच्या नावाची एक फाइल आहे, ती मी भीतभीत उघडली. तर तीत खात्यांची यादी निघाली, पासवर्ड एकही नाही! ते केव्हाच दुसरीकडे, कुलुपात हलवले आहेत. नाव मात्र जुनेच चालले आहे. आपल्या गावांतही टाकी पाडून झाली तरी ‘टाकीचा चौक’ राहतोच.

माझ्या मताचा खरा आधार मात्र याहून साधा आहे. आज्ञा हा मजकूर आहे. टिचकीची प्रत निघत नाही. मी कुठे कुठे बोट ठेवले हे उद्या मलाही सांगता येणार नाही, मग दुसऱ्याला कुठून दाखवू? पण लिहिलेली ओळ वहीत उतरवता येते, दुसऱ्याला तपासायला देता येते, दुरुस्त करता येते, पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती सोपवता येते. ओळखलेल्या २,९०० पानांना वर्ष आणि पृष्ठांक घालून नवी नावे द्यायची होती. बोटांनी ते आठवडाभर पुरले असते. आम्ही पानांची एक यादी केली, तिच्यावर चालणाऱ्या चार ओळी लिहिल्या, सरांनी त्यांतली एक चूक काढली, आणि मग काम चहा येईपर्यंत संपले. त्या चार ओळी ग्रंथालयाच्या वहीत चिकटवलेल्या आहेत.

‘पण हे सारे इंग्रजी,’ असा आक्षेप मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या मित्रांचा. ‘एल एस’ हे इंग्रज मुलाच्या तरी कुठे ओळखीचे असते? शिवाय नावे मराठीत चालतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यात तीन बाइट जागा खाते, काना-मात्रा वेगळी मोजून. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कव्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असल्याने ८५ चिन्हांचे नाव बसते. ‘वार्षिकांक’ला दहा चिन्हे लागतात, तेव्हा चिंता नको. ही तीन बाइटांची यूटीएफ-८ पद्धत सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर, रॉब पाइक यांच्या सोबतीने आखली ती त्याच केन थॉम्प्सन यांनी. आणि आज्ञांनाही आपले नाव देता येते. मी ‘यादी’ लिहिले की ‘एल एस’ चालते; आणि प्रत्येक वेळी विचारून पुसणारी एक आज्ञा केली आहे, तिचे नाव काय ठेवावे यावर बराच खल झाला. ‘पूस’ उद्धट वाटते, ‘पुसा’ परके. बाईंनी विध्यर्थी ‘पुसावे’ सुचवले. तेच ठेवले आहे. गाऱ्हाणे आहे ते एकच. भाषा सांगून ठेवली नाही तर यादी युनिकोडच्या क्रमाने लागते, आणि त्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच मागे उभा असल्यामुळे ‘काळ’ हा ‘कावळा’च्या आधी येतो. शब्दकोशाच्या सवयीने शोधणारा चुकतो.

दुसरा आक्षेप नवा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाला मराठीत सांगितले की तो आज्ञा लिहून देतो, मग शिकायचे कशाला? लिहून देतो, हे खरे. मीही त्याची मदत घेते. पण एंटर आपण दाबायचे असते. त्याने लिहिलेल्या ओळीतली एक मोकळी जागा वाचता आली नाही, तर पत्र कुणाच्या हातचे होते हे विचारून नारायणराव परत येत नाहीत.

आणि प्रती. ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट बनत असताना १९९८ साली असाच ‘आर एम’ चालला आणि पडद्यावरची पात्रे कामगारांच्या डोळ्यांदेखत नाहीशी होऊ लागली. राखीव प्रत म्हणून जी होती ती चालेना. शेवटी चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रनिर्देशिकेच्या घरच्या यंत्रामुळे. घरी तान्हे मूल असल्याने त्या घरून काम करत, म्हणून तिथे एक नक्कल होती. एवढ्या मोठ्या स्टुडिओची ही कथा, तर आमच्या एका फोल्डरचे काय! आता आमच्या तीन प्रती आहेत, एक महाविद्यालयाबाहेर, आणि दर महिन्याला त्यांतली एखादी फाइल उघडून पाहायची असा नियम आहे.

राहता राहिले ते राखाडी पान. मी त्या बाईंना फोन केला. काय झाले ते न लपवता सांगितले. त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत; मग ‘शनिवारी येते,’ म्हणाल्या. आल्या, अंक त्याच वर्तमानपत्रात. मी पाने पुन्हा टिपली, पाचही पानांची एक फाइल केली, आणि त्यांच्या आईच्या नावाने ठेवली.

‘दाखव बरं कुठे ठेवलीस,’ त्या म्हणाल्या. मी काळी खिडकी उघडून ‘यादी’ लिहिले. नाव दिसले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हे माहेरचं नाव. अंकात तेच आहे, बरोबर आहे. पण आमच्या घरी कुणी शोधायला आलं, तर या नावानं नाही शोधणार गं.’

मी ‘एल एन’ ही आज्ञा लिहिली. ती फाइलीची नक्कल करत नाही. त्याच एका फाइलीला दुसरे नाव देते. दोन्ही नावे सारख्याच मानाची. एक खोडले तरी दुसऱ्या नावाने फाइल जशीच्या तशी राहते. खिडकी काहीच बोलली नाही. मी पुन्हा ‘यादी’ लिहिले, आणि आता तिथे दोन नावे होती, माहेरचे आणि सासरचे. बाईंनी पर्समधून चष्मा काढला आणि दोन्ही नावांतल्या वेलांट्या बरोबर आहेत ना, ते एकदा तपासून पाहिले.